आयोवात शेतजमीन घेतलीय? सीआरपीचं अनुदान मिळवायचं तर पहिल्या फेरीपासून काय काय करायचं

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही दक्षिण आयोवात, मिसुरीच्या सीमेजवळच्या एका काउंटीत ७८ एकर जमीन घेतली. राहतो डेमॉइनजवळ, नोकऱ्या शहरात, शेताला जायला दीड तास लागतो. इकडची जमीन सपाट नाही. उतारावर मका आणि सोयाबीन होतं, आणि जूनच्या पावसात मधल्या सखल पट्ट्यातून माती वाहून जाते. माझे बाबा मंगळवेढ्याचे. बहात्तरच्या दुष्काळात ते बांधबंदिस्तीच्या कामावर होते. ते इकडे आले तेव्हा शेतातल्या घळीत उतरून उभे राहिले. घळ त्यांच्या गुडघ्याच्या वर येत होती. "हिला आताच अडवली नाही तर दहा वर्षांत ट्रॅक्टर पलीकडे जाणार नाही," म्हणाले.

अडवायचं कसं आणि त्याला सरकारी मदत कशी मिळवायची, हे शिकण्यात आमची अडीच वर्षं गेली. त्यातलं निम्मं तरी तुमचं वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधी थोडक्यात: हे पैसे कशाचे?

मुख्य योजना म्हणजे कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. सगळे तिला सीआरपीच म्हणतात. १९८५ च्या शेती कायद्यातून ती आली. आपल्या भाषेत सांगायचं तर झिजणारी, धुपणारी जमीन सरकार १० ते १५ वर्षांसाठी तुमच्याकडून खंडाने घेतं. मालकी तुमचीच राहते. तुम्ही तिथे पीक घ्यायचं नाही, ठरवून दिलेलं गवत, रानफुलं किंवा झाडं लावायची आणि ती सांभाळायची. त्याबदल्यात दर वर्षी एकरी भाडं मिळतं, आणि लावणीच्या खर्चातला साधारण निम्मा वाटा परत मिळतो. एका व्यक्तीला भाड्यापोटी वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळू शकतात, पण आपल्यासारख्या लहान मालकाचा त्या मर्यादेशी संबंध येत नाही. समजा १० एकर दिले आणि दर २०० डॉलर लागला, तर वर्षाला २,००० डॉलर. यातून कोणी श्रीमंत होत नाही. जमीन वाचते, आणि वाचवताना खिशाला खार लागत नाही. एवढ्यासाठीच हे करायचं.

१. जमीन घ्यायच्या आधीच तपासा: तुमचा व्हिसा

हा मुद्दा इंग्रजी माहितीपत्रकांत कुठेतरी तळाशी असतो, पण आपल्या लोकांसाठी तो पहिला आहे.

आयोवाच्या कायद्यानुसार जो नागरिक नाही आणि ज्याच्याकडे ग्रीन कार्डही नाही, त्याला शेतीसाठी शेतजमीन विकत घेता येत नाही. एच-वन-बीवर कितीही वर्षं झाली असली तरी नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी घेता येते. पण तिथेही केंद्राचा १९७८ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे अशा व्यक्तीने शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत एफएसए-१५३ हा अर्ज भरून कळवावं लागतं. न कळवल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय अनुदानाच्या नियमांत ग्रीन कार्ड नसलेली व्यक्ती 'परदेशी' धरली जाते, आणि जमीन, भांडवल आणि स्वतःची भरीव अंगमेहनत ही तिन्ही दिल्याशिवाय तिला पैसे मिळत नाहीत.

पाच मित्रांनी मिळून एलएलसी काढायची आणि तिच्या नावे जमीन घ्यायची, असा विचार अनेक जण करतात. एलएलसी असली तरी प्रत्येक सभासदाचं नाव आणि हिस्सा अनुदान देणाऱ्या सरकारी कार्यालयाला द्यावा लागतो. त्यात एक जण एच-वन-बीवर असेल तर काय, हे वकिलाला विचारून घ्या, तेही विसार देण्याआधी.

२. विकत घेताना विचारा: या जमिनीवर जुना करार आहे का?

आमच्या ७८ एकरांपैकी १४ एकर आधीच सीआरपीत होते. जमीन विकली म्हणजे करार आपोआप संपत नाही, आणि आपोआप तुमच्या नावेही होत नाही. कार्यालयाने कळवल्यापासून साधारण ६० दिवसांत नव्या मालकाने तो स्वतःच्या नावे करून घ्यायचा असतो. नाही केला तर करार मोडला असं धरतात, आणि आतापर्यंत घेतलेले सगळे पैसे व्याजासकट जुन्या मालकाकडून मागितले जाऊ शकतात. म्हणून विकणारे खरेदीखतातच 'करार पुढे चालवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची' असं कलम घालतात. ते कलम वाचा. मग त्या जागेत पीक घेणं, नांगरणं, मन मानेल तेव्हा गवत कापणं, यातलं काहीही करता येत नाही.

नवीन जागा सीआरपीत द्यायची असेल, तर ती किमान १२ महिने तुमच्या मालकीची असावी लागते. वारसाहक्काने आली असेल तर सूट आहे.

३. जमीन कोणी कसत असेल तर १ सप्टेंबर विसरू नका

आमचं आख्खं एक वर्ष इथेच गेलं.

आयोवात शेतीचा भाडेकरार १ मार्चला सुरू होतो आणि १ मार्चला संपतो. तो संपवायचा असेल तर आदल्या १ सप्टेंबरपर्यंत लेखी नोटीस द्यावी लागते. दिली नाही तर त्याच अटींवर आणखी एक वर्ष चालू राहतो. आम्हाला वाटलं, १२ महिने होऊ देत, मग डिसेंबर २०२० मध्ये अर्ज करू. कसणारे शेजारी भले गृहस्थ. पण त्यांनी तोवर खत आणि बियाण्याचं ठरवून टाकलं होतं, आणि कायद्याने त्यांचंच बरोबर होतं. मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शेताचा नकाशा उलगडला आणि कुठला तुकडा काढायचा ते एकत्र ठरवलं. घळीच्या दोन्ही बाजू आणि उतारावरचे तीन पट्टे, मिळून ११ एकर. त्यांनीच सांगितलं की त्या पट्ट्यांत मक्याचं पीक नेहमीच मार खातं. बाकीची जमीन आजही तेच कसतात.

शेजाऱ्याशी आधी बोला. अनुदानाच्या मोहाने कसणाऱ्याला हटवलं तर कार्यालयही ते पाहतं, आणि गावात तुमचं नाव जातं ते वेगळंच.

४. कार्यालयात जा. फोनवर भागत नाही

जवळपास प्रत्येक काउंटीसाठी यूएसडीए, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याचं सर्व्हिस सेंटर असतं. एकाच इमारतीत सहसा दोन वेगळी खाती बसतात आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजे एफएसए, हे नोंदी, करार आणि पैशांचं खातं. नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्वेशन सर्व्हिस, म्हणजे एनआरसीएस, हे जमिनीत उतरणाऱ्यांचं खातं. उतार मोजणं, आराखडा काढणं, कुठे काय लावायचं ते सांगणं, हे त्यांचं काम. सीआरपीचा करार एफएसएशी होतो, आराखडा एनआरसीएस करतं. तिसरा टेबल बऱ्याचदा मृदा व जलसंधारण जिल्ह्याचा असतो. राज्याच्या मदतीची चौकशी तिथे करा.

वेळ घेऊन जा. एप्रिल-मे आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊ नका, तेव्हा पेरणीच्या नोंदींची झुंबड असते. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा त्या बाईंनी दीड तास दिला.

पहिल्या फेरीत न्यायचे कागद:

– नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत (काउंटी रेकॉर्डरच्या शिक्क्यासह)
– सोशल सिक्युरिटी क्रमांक, एलएलसी असेल तर तिचा कर क्रमांक आणि स्थापनेचे कागद
– फोटो ओळखपत्र, ग्रीन कार्ड असल्यास ते
– बँक खात्याचा तपशील
– भाडेकरार, तोंडी असेल तर कसणाऱ्याचं नाव आणि अटी लिहून
– मागच्या मालकाकडे असलेले पिकांचे जुने कागद, मिळतील तेवढे

तिथे तुमच्या जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर असतो, आपल्या गट नंबरसारखा. त्याचा उतारा म्हणजे १५६-ईझेड, आणि त्याच्याबरोबर हवाई छायाचित्रावर आखलेला नकाशा. दोन्ही मागून घ्या आणि तिथेच बसून तपासा. कुठला तुकडा लागवडीखालचा म्हणून नोंदला आहे आणि कुठला नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. २०१८ च्या शेती कायद्याप्रमाणे २०१२ ते २०१७ या सहा वर्षांत किमान चार वर्षं पीक घेतलेली जमीनच नेहमीच्या सीआरपीला चालते. आमच्या नकाशात घळीलगतचा दीड एकर 'पडीक' दाखवला होता. मागच्या मालकाने जुन्या पेऱ्याचे कागद शोधून दिले, म्हणून तो दुरुस्त झाला.

५. पात्रतेचे अर्ज, आणि आपल्या नावांचा घोळ

चार अर्ज हमखास भरावे लागतात. एडी-२०४७ मध्ये तुमची प्राथमिक माहिती जाते. एडी-१०२६ मध्ये तुम्ही लिहून देता की फार धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय कसणार नाही आणि पाणथळ जागा बुजवून पीक घेणार नाही. सीसीसी-९०२ मध्ये शेतीत कोणाचं काय, ते सांगायचं. सीसीसी-९४१ हा उत्पन्नाचा दाखला. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरपेक्षा जास्त नाही, असं त्यात लिहून देता.

हा शेवटचा अर्ज कर खात्याकडे पडताळणीला जातो, आणि तिथे आपण अडकतो. माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव आहे. खरेदीखतावर सासरचं. ग्रीन कार्डावर मधलं नाव वडिलांचं, आणि नवऱ्याच्या पासपोर्टमध्ये तर वडिलांचं नाव पहिल्या नावालाच जोडलेलं. अर्ज परत आला. कोणाची चूक नव्हती, पण दोन महिने गेले. म्हणून सही करायच्या आधी सगळे कागद टेबलावर पसरा, आणि कर विवरणपत्रावर जसं नाव आहे अगदी तसंच या अर्जांवर लिहा. खरेदीखतावर वेगळं असेल तर 'ही एकच व्यक्ती आहे' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. खरेदी व्हायची असेल तर त्याहून बरं, खतावरच एकसारखं नाव घाला.

जमीन नवरा-बायको दोघांच्या नावे असेल तर एफएसएच्या बऱ्याच अर्जांवर एकमेकांसाठी सही करता येते, पण सगळ्याच कागदांवर नाही. एक जण भारतात गेला की अशा कागदांचं काम थांबतं. एफएसए-२११ हा मुखत्यारपत्राचा अर्ज त्यासाठीच आहे, पहिल्याच फेरीत करून टाका.

६. कुठल्या दाराने जायचं?

सीआरपीला तीन दारं आहेत.

सर्वसाधारण नोंदणी ठरावीक काळातच उघडते आणि तिथे चढाओढ असते. माती, पाणी, पशुपक्षी यांना होणाऱ्या फायद्यावर गुण मिळतात, आणि कमी भाड्यावर तयार झालात तर आणखी गुण. मोठे तुकडे या दाराने जातात. दुसरी गवताळ कुरणांची सीआरपी, तिच्यात चराई चालू ठेवता येते. आणि तिसरी कंटिन्युअस, म्हणजे सतत चालणारी. ओढ्याकाठचे गाळणपट्टे, पाणी उतरण्याचे गवताचे मार्ग, परागीभवनासाठीची फुलं अशा नेमक्या कामांसाठी ही आहे. जमीन आणि काम बसत असेल तर चढाओढ नसते.

लहान मालकाने तिसऱ्या दाराचा विचार आधी करावा, हे माझं स्पष्ट मत. सगळं शेत द्यायची गरज नसते. जिथे माती जाते तेवढाच तुकडा द्या.

त्यातही उतारावरचे प्रेअरी पट्टे, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ रानाचे पट्टे, मला सगळ्यात मोलाचे वाटतात. २०१८ च्या कायद्यापासून ते सीपी-४३ या क्रमांकाने सीआरपीत बसतात. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी नील स्मिथ अभयारण्यात २००७ पासून प्रयोग केले. शेताचा दहावा हिस्सा योग्य जागी मूळच्या प्रेअरीला दिला तर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत कमी होते, असं त्यांना आढळलं. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आपण मातीचा बांध घालायचो, हे लोक मुळांचा बांध घालतात. आयोवातली ९९ टक्क्यांहून जास्त मूळ प्रेअरी नांगराखाली गेली आहे. त्यातला काही एकर परत आणण्यात आपला हात लागावा, ही गोष्ट मला अनुदानापेक्षा मोठी वाटते.

भाड्याचा दर तुमच्या मातीच्या प्रकारांवर आणि काउंटीच्या सरासरीवर ठरतो, आणि तो बाजारभावाच्या खालीच असतो. २०१८ च्या कायद्याने तो सर्वसाधारण नोंदणीत काउंटीच्या सरासरीच्या ८५ टक्के आणि कंटिन्युअसमध्ये ९० टक्के असा बांधला. शेजारचा जास्त खंड देतो म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. काही कामांना सुरुवातीला वेगळा प्रोत्साहन हप्ता मिळतो, तो आवर्जून विचारा, स्वतःहून सांगतीलच असं नाही.

७. सही होईपर्यंत जमिनीला हात लावू नका

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. प्रस्ताव दिला, एनआरसीएसचा माणूस शेत पाहून गेला, आराखडा आला, सगळे 'होईल' म्हणताहेत, तरीही सीआरपी-१ या करारावर तुमची सही आणि काउंटी समितीची मंजुरी होईपर्यंत बियाणं विकत घेऊ नका, कंत्राटदाराला माती सरकवायला लावू नका. आधी सुरू केलेल्या कामाचा खर्च परत मिळत नाही. ओळखीतल्या एका कुटुंबाने पावसाआधी उरकावं म्हणून पाण्याचा मार्ग खोदून घेतला. काम उत्तम झालं, पैसे एकही डॉलर आले नाहीत.

काउंटी समिती म्हणजे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले तीन ते अकरा जण. तुमची नोंद झाली की तुम्हालाही मतपत्रिका येते. ती भरून पाठवा.

८. बियाणं

मिश्रण आराखड्यात दिलेलंच असतं. आमच्यात बिग ब्ल्यूस्टेम, लिटल ब्ल्यूस्टेम, इंडियन ग्रास, साइड-ओट्स ग्रामा, आणि फुलांमध्ये जांभळं कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन, पार्ट्रिज पी असं बरंच काही होतं. पिशवीवरची लेबलं जपून ठेवा, खर्च मागताना लागतात.

स्वस्तातलं, बाहेरच्या राज्यातलं, न तपासलेलं मिश्रण घेऊ नका. २०१६ मध्ये आयोवातल्या अनेक काउंट्यांत अशाच मिश्रणांतून पामर अमरँथ हे तण आलं. आपल्या माठ-राजगिऱ्याच्या गोतातलं, पण भयंकर. दिवसाला दोन-तीन इंच वाढतं, एका झाडाला लाखो बिया येतात, आणि अनेक तणनाशकांना दाद देत नाही. विक्रेत्याकडून पामर नसल्याचा तपासणी अहवाल लेखी मागा.

एवढं बारीक बी नेहमीच्या पेरणीयंत्रातून पडत नाही. देशी गवताचं खास यंत्र जलसंधारण जिल्ह्याकडे किंवा फेझंट्स फॉरएव्हर या पक्षी-अधिवास जपणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेकडे भाड्याने मिळतं का, ते हिवाळ्यातच विचारून ठेवा.

आम्ही २०२२ च्या वसंतात पेरलं. जुलैत जाऊन पाहिलं तर सगळीकडे फॉक्सटेल आणि तणच तण. मला रडू आलं होतं. घाबरू नका. प्रेअरी पहिली दोन वर्षं जमिनीखाली वाढते. पहिल्या वर्षी आराखड्यात सांगितलंय तसं उंचावरून कापत राहायचं, म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळतं. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं.

९. पैसे कधी येतात?

लावणीचा खर्च आधी तुम्ही करायचा, मग बिलं देऊन वाटा मागायचा. वार्षिक भाडं १ ऑक्टोबरनंतर थेट खात्यात येतं. पहिल्या वर्षी फक्त उरलेल्या महिन्यांचं.

वर्षअखेरीला १०९९-जी येतं, ही रक्कम करपात्र आहे. सीआरपीच्या भाड्यावर स्वयंरोजगार कर लागतो का, यावर वाद आहे. २०१४ मध्ये आठव्या सर्किट न्यायालयाने (हे केंद्राचं विभागीय अपील न्यायालय) शेती न करणाऱ्या मालकाच्या बाजूने निकाल दिला, आयोवा त्याच सर्किटमध्ये येतं, पण कर खात्याने ते मत मान्य केलेलं नाही. शेतीचे कर जाणणाऱ्या सीएकडेच जा, शहरातला नेहमीचा चालत नाही.

कोणाला किती अनुदान मिळालं ही माहिती सार्वजनिक असते. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपच्या संकेतस्थळावर काउंटीनिहाय नावं आणि रकमा दिसतात. आम्ही जमीन घेण्याआधी त्याचा उपयोग केला. आसपास किती जण सीआरपीत आहेत ते कळलं, त्यातल्या दोघांना जाऊन भेटलो.

१०. पीक घ्यायचं असेल तर: इक्विप

शहराजवळ दोन-चार एकर घेऊन मेथी, कारली, भेंडी लावणारे आपले बरेच लोक आहेत. जमीन पडीक ठेवणं त्यांच्या कामाचं नाही. त्यांनी एनआरसीएसकडे इक्विपचा अर्ज करावा, अर्ज सीपीए-१२००. इक्विप म्हणजे कसत्या जमिनीवरच्या संधारणाच्या कामांना मदत देणारी योजना. हाय टनेल म्हणजे पॉलिहाउससारखा मांडव, ठिबक, आच्छादन पिकं अशा कामांना मदत मिळते. शेतीत दहा वर्षं किंवा कमी झाली असतील तर 'नवीन शेतकरी' म्हणून नोंद करून घ्या. मग खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत दर लागू शकतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. ती ९० दिवसांत खर्च करावी लागते. सही आधी, काम मागून, हा नियम इथेही तसाच.

११. करार झाल्यावरची दरवर्षीची कामं

दर वर्षी १५ जुलैपर्यंत एफएसए-५७८, म्हणजे कुठे काय आहे त्याची नोंद, द्यायची. सीआरपीत काही बदललं नसलं तरी द्यायची. भाडं अडकण्याचं हे नेहमीचं कारण.

१५ मे ते १ ऑगस्ट पक्ष्यांचा विणीचा काळ. त्यात परवानगीशिवाय कापणी नाही. गवत वाढलेलं पाहून शेजारी 'कापून देऊ का' म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, त्यांना थांबवा. कॅनडा थिसलसारखं काटेरी तण मात्र आटोक्यात ठेवणं तुमचंच काम. त्यासाठी ठिकठिकाणी फवारणी करायची असेल तर आधी फोन करून नोंदवून घ्या.

कराराच्या मध्यावर एकदा गवत जाळणं किंवा हलकं डिस्क करणं असतं. जाळणं म्हटल्यावर आईला कोकणातली राबभाजणी आठवली. इथे त्यासाठी लेखी आराखडा, वाऱ्याचा अंदाज आणि अनुभवी माणसं लागतात. पहिल्यांदा स्वतः करू नका.

करार ३० सप्टेंबरला संपतात. आमच्या जुन्या १४ एकरांचा २०२७ मध्ये संपतो, म्हणून त्याआधीच्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्या इमारतीत जाणार आहोत. तोवर शेती कायदा बदललेला असू शकतो, दर आणि अटीही, म्हणून तेव्हाची कागदपत्रं नव्याने वाचायची. पुन्हा द्यायचं नाही ठरलं, तर गवत मोडायच्या आधी एडी-१०२६ काढून बघायचा, कारण त्या उतारावर आराखड्याशिवाय नांगर घातला तर बाकीच्या ६४ एकरांची पात्रताही जाते.